बसल्या जागीं उड्डाण

फिरत्या खुर्चीवर एका विद्यार्थ्यास बसवावें, त्याचे डोळे रुमालानें बांधावे आणि खुर्ची एकाच गतीनें, आवाज न करतां, सावकाश फिरवीत राहावी. (दोघांनीं जवळ उभें राहावें, उतरतांना तोल जातो.) प्रथम तो फिरण्याची दिशा बिनचूक सांगतो. पण अर्धें मिनिट लोटलें कीं, खुर्ची तशीच फिरत असतांही तो म्हणतो, "थांबली." मग ती खरोखर थांबवावी, तो तत्काळ म्हणेल, "आतां उलट फिरते आहे!" भोंवतालचीं मुलें हंसतात, परंतु बसलेला मुलगा खोटें बोलत नसतो. त्यास जें जाणवतें तेंच तो सांगतो.

ह्याचें कारण कानाच्या आंत आहे. प्रत्येक अंतःकर्णांत तीन अर्धवर्तुळाकृति नलिका परस्परांशीं काटकोनांत बसविलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें फिरूं लागलें कीं नलिका फिरते, द्रव मागें रेंगाळतो आणि त्याच्या रेट्यानें एक नाजूक पडदा वांकतो. तें वांकणें हीच आपली फिरण्याची जाणीव होय. फिरणें एकसारखें चालूं राहिलें म्हणजे द्रवही नलिकेबरोबर फिरूं लागतो, पडदा पूर्ववत् होतो आणि जाणीव मावळते. याखेरीज चुन्याच्या सूक्ष्म कणांनीं जड झालेल्या दोन पिशव्या प्रत्येक अंतःकर्णांत आहेत. भूमि कोणत्या बाजूस आहे हें त्या सांगतात; परंतु शरीर मागें कललें आहे, कीं शरीर वेगानें पुढें ढकललें जात आहे, हा भेद त्यांस कळत नाहीं. पायीं चालणाऱ्या प्राण्यास एवढी सोय पुरेशी होती. विमानाचा विचार तींत झालेला नाहीं.

ही उणीव कोठवर जाते, हें मुंबईकरांनीं पाहिलें आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं एअर इंडियाचें 'एम्परर अशोक' हें बोइंग ७४७ जातीचें विमान सांताक्रूझहून दुबईस जाण्यासाठीं उडालें. पुढें अंधारा समुद्र होता. डोळ्यांस आधार म्हणून क्षितिज दिसत नव्हतें. उजवीकडे एक वळण घेऊन विमान सरळ झालें, तरी मुख्य वैमानिकापुढील कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललें आहे हें दाखविणारें यंत्र, तें उजवीकडेच कललें असल्याचें दाखवीत राहिलें. म्हणून वैमानिकानें विमान डावीकडे झुकविलें, आणखी झुकविलें. आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आंत तें वांद्र्यासमोरील समुद्रांत कोसळलें. आंत २१३ माणसें होतीं. एकही वांचलें नाहीं. यंत्र बिघडलें होतें हें खरें. परंतु त्या अंधारांत यंत्राची चूक पकडून देईल अशी साक्ष देहाकडूनही मिळाली नाहीं, हें आम्हांस अधिक विचार करण्याजोगें वाटतें.

जमिनीवर बसून हा धोका ओळखण्यास शिकविण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक हा तरुण आपल्या वडिलांच्या पियानो व ऑर्गनच्या कारखान्यांत काम करीत असे. ऑर्गनच्या पोटांत हवेचे भाते असतात, हें संगीत नाटकांतील पायपेटी पाहिलेल्यांस सांगावयास नको. लिंकनें १९२९ सालीं अशाच भात्यांवर आंखूड पंखांचें एक लहानसें विमान बसविलें. बसणाऱ्यानें दांडा ओढला कीं भात्यांतील हवा कमीजास्त होऊन विमान कलत असे. आरंभीं त्यास करमणुकीच्या बागांतून पैसे टाकून बसण्याचें खेळणें म्हणूनच गिऱ्हाईक मिळालें! पुढें १९३४ सालीं टपाल नेण्याचें काम अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांकडे आलें, आणि हिंवाळ्यांतील धुक्यांत व रात्रीं उडतांना त्यांपैकीं कित्येक मृत्यु पावले. तेव्हां लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. वर झांकण लावून बाहेरचें दिसणें बंद करीत आणि केवळ समोरच्या कांट्यांवर नजर ठेवून उडण्याचा सराव देत. दुसऱ्या महायुद्धांत पांच लाखांहून अधिक वैमानिकांनीं ह्या पेटींत धडे घेतले.

आज तीच विद्या घराच्या एका खोलींत मावूं लागली आहे. ब्रूस आर्टविक ह्यांनीं १९७९ सालीं लहान संगणकावर विमान चालविण्याचा कार्यक्रम तयार केला. त्याचेंच १९८२ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'फ्लाइट सिम्युलेटर' केलें. २०२० सालीं ह्या मालिकेची जी आवृत्ति निघाली, तिला त्याच वर्षाच्या अखेरीस डोळ्यांवर बांधावयाच्या हेडसेटची जोड मिळाली. ह्या हेडसेटांत दोन डोळ्यांस दोन किंचित् निरनिराळीं चित्रें दाखविलीं जातात, त्यामुळें खोली भासते. डोकें वळलें कीं चित्रही त्याच प्रमाणांत वळतें. सेकंदास ९० चित्रें पडतात असें धरलें तर प्रत्येकास सुमारें ११ सहस्रांश सेकंद मिळतो. डोक्याची हालचाल आणि तिच्याप्रमाणें बदललेलें चित्र ह्यांत २० सहस्रांशाहून अधिक अंतर पडूं नये अशी खटपट असते. आयव्हन सदरलंड ह्यांनीं १९६८ च्या सुमारास असें पहिलें यंत्र केलें, तेव्हां तें इतकें जड होतें कीं छतास टांगावें लागे! सामान्य ग्राहकांस परवडतील असे हेडसेट २०१६ पासून बाजारांत मिळूं लागले.

वैमानिकास ह्याचा लाभ कोठें होतो? विमानतळाभोंवतीं घिरटी घालून उतरतांना धांवपट्टी पुष्कळदा खांद्यामागें असते. खरा वैमानिक मान वळवून ती पाहतो व वळण केव्हां घ्यावयाचें तें ठरवितो. सपाट पडद्यासमोर बसलेल्यास त्यासाठीं कळ दाबावी लागते आणि मान वळविण्याची संवय लागत नाहीं. हेडसेट घातलेला सहज वळून पाहतो. जमीन जवळ येतांना तिच्या अंतराचा अंदाजही त्यास अधिक चांगला येतो. उणीव होती ती बारीक अक्षरांची. २०१६ च्या हेडसेटांत दृष्टीच्या एका अंशांत सुमारें ११ ठिपके पडत; निरोगी डोळा सुमारें ६० ओळखूं शकतो. त्यामुळें उंचीचा कांटा वाचण्यास पुढें वांकावें लागे. २०२३ मधील क्वेस्ट ३ ह्या हेडसेटांत हा आंकडा २५ पर्यंत गेला. वाचणें सुसह्य झालें. मात्र स्वतःचे हात दिसत नाहींत, हातास लागणाऱ्या खऱ्या कळा चांचपून ओळखाव्या लागतात, ही अडचण बहुतेक ठिकाणीं आहेच.

आतां हलत्या बैठकीविषयीं. सहा दांडे कमीजास्त लांब करून मंचास सर्व दिशांनीं हालविण्याची युक्ति इंग्लंडांत एरिक गॉफ ह्यांनीं डनलॉप कंपनीच्या टायरांची परीक्षा घेण्यासाठीं काढली. १९६५ सालीं डी. स्ट्यूअर्ट ह्यांनीं विमानशिक्षणासाठीं तशा मंचाचा निबंध वाचला, आणि मंचास त्यांचेंच नांव पडलें. घरच्या कारागिरांस सहा दांडे महाग पडतात. ते बहुधा दोनच हालचालींवर, म्हणजे पुढें-मागें व डावें-उजवें कलण्यावर, भागवितात. मोटारीची कांच पुसणाऱ्या वायपरच्या जुन्या मोटारी लावूनही कित्येकांनीं अशा बैठका केल्या आहेत. ही खटपट आम्हांस फार आवडते.

पण येथें नवशिका कारागीर एक चूक हमखास करितो. पडद्यावरील विमान ३० अंश कललें कीं तो बैठकही कलवितो, आणि विमान सरळ होईपर्यंत तशीच कललेली ठेवितो. वरवर हें योग्य दिसतें, परंतु खऱ्या विमानांत असें जाणवत नाहीं. नीट साधलेल्या वळणांत प्रवासी बाजूस घसरत नाहींत. पेल्यांतील पाणी विमानाच्या तळाशीं समांतरच राहतें. वळणाच्या ओढीनें वजन वाढतें, पण तें थेट बैठकींत दाबलें जातें. म्हणून जाणकार मनुष्य कलण्याच्या आरंभींचा धक्का तेवढा देतो आणि मग बैठक इतकी सावकाश सरळ करितो कीं बसणाऱ्यास पत्ताही लागूं नये. सेकंदास दोन-तीन अंशांहून मंद फिरणें अंतःकर्णाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. खुर्चीवरच्या मुलास फसविणारी कानाची तीच दुबळी बाजू येथें कामास येते!

दुसरी फसवणूक त्या दोन पिशव्यांची. विमान धांवपट्टीवर वेगानें धांवूं लागतें तेव्हां पाठ आसनांत रुतते. खोलींत धांवावयास जागा कोठें? म्हणून बैठक हळूहळू मागें कलवितात. १५ अंश कललें म्हणजे वजनाचा सुमारें चौथा हिस्सा पाठीवर येतो (१५ अंशांची ज्या ०·२६ आहे, हें वरच्या वर्गांतील मुलांनीं पडताळावें). प्रवासी विमानाच्या धांवेंत मिळणारा रेटा अंदाजें एवढाच असतो. डोळ्यांपुढें धांवपट्टी मागें पळत असते, पाठीस रेटा लागतो, आणि मन म्हणतें, "निघालों!" परंतु ६० अंश कलून उंची न सोडतां वळणाऱ्या विमानांत ५० किलोग्रॅम वजनाचा मुलगा १०० किलोग्रॅम वजनाचा भासतो, हें दुप्पट वजन खोलींतील कोणतीही कललेली खुर्ची टिकवून धरूं शकत नाहीं.

हेडसेट व बैठक एकत्र आणलीं कीं एक मौजेचा तंटा उपस्थित होतो. डोकें किती वळलें हें हेडसेट आपल्या आंतील उपकरणांवरून व कॅमेऱ्यांवरून ठरवितो. बैठक १० अंश कलली आणि बसणाऱ्यानें डोकें ४ अंश कलविलें, तर हेडसेटाच्या हिशेबीं तें १४ अंश ठरतें. मग विमानाची खोलीच डोळ्यांपुढें तिरपी होऊन सरकते. उपाय साध्या वजाबाकीचा आहे. बैठकीस दुसरें मापक बांधावें आणि एकूण १४ मधून तिचे १० वजा करावे, म्हणजे खरे ४ उरतात. ही वजाबाकी सेकंदांतून अनेक वेळां, विलंब न होतां व्हावयास पाहिजे.

ती चुकली, किंवा डोळा एक व कान दुसरें सांगूं लागला, म्हणजे मळमळ सुटते. अमेरिकेंत १९५७ सालीं हेलिकॉप्टरच्या एका सिम्युलेटरवर हा विकार प्रथम नोंदला गेला. नवशिक्यांपेक्षां अनुभवी शिक्षकांनाच त्याचा त्रास अधिक झाला. खरें विमान ज्याच्या अंगवळणीं पडलें आहे त्यास खोटें अधिक बोंचतें, असें ह्याचें कारण सांगतात. घाम फुटूं लागतांच हेडसेट काढावा. नेटानें सोसून ही व्याधि जाते असें समजून अर्धा तास बसून राहणें शहाणपणाचें नव्हे. दहा-पंधरा मिनिटांचे बेतशीर सराव अधिक उपयोगी पडतात.

पालक विचारतील, हा सर्व खर्च करावा काय? आमचें मत असें कीं, आरंभीं साधा पडदा व एक चांगला दांडा पुरे; हेडसेट मागाहून घ्यावा, आणि हलती बैठक तर सर्वांच्या शेवटीं. २०२१ सालीं युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनें एका स्विस कंपनीच्या हेडसेट व हलता मंच असलेल्या हेलिकॉप्टर-सिम्युलेटरास शिक्षणासाठीं मान्यता दिली, ह्यावरून ही विद्या पोरखेळ नव्हे हें दिसतें. परंतु घरच्या यंत्रावरील तास परवान्यासाठीं धरले जात नाहींत. हेडसेटाच्या उत्पादकांनीं घातलेली वयाची अट पाळावी. हलत्या बैठकीखालीं लहान भावंडांचीं बोटें सांपडण्याचा धोका खरा आहे, आणि हेडसेट घातलेल्यास जवळ कोण आलें तें दिसत नाहीं. म्हणून बंद करण्याची कळ नेहमीं दुसऱ्याच्या हातीं असावी.

तो दुसरा नुसता पहारेकरी राहूं नये. एक्स-प्लेनसारख्या कार्यक्रमांत एखादें यंत्र मुद्दाम बिघडवितां येतें. मुलगा रात्रीं समुद्रावर उडत असतां वडिलांनीं वा थोरल्या भावानें, न सांगतां, त्याचें कृत्रिम क्षितिज बिघडवावें आणि घड्याळ पाहावें. वळणाचा कांटा, दिशेचा कांटा, उंची व वेग हीं चारहीं कृत्रिम क्षितिजाशीं विसंगत साक्ष देऊं लागतात. बैठक तर हळूहळू सरळ झालेली असते. ती कांहींच सांगणार नाहीं. पहिल्या वेळीं बहुतेक जण बिघडलेल्या यंत्रामागें जातात. मुलानें मोठ्यानें बोलत एकेक कांटा वाचावा, जो बाकीच्यांशीं जुळत नाहीं त्याचें नांव घ्यावें, त्यावर कागदाचा तुकडा ठेवल्याप्रमाणें तो मनांतून झांकावा आणि उरलेल्यांच्या आधारें पंख सरळ करावे. किती सेकंद लागले हें वडिलांनीं वहींत लिहून ठेवावें, आणि पुढील आठवड्यांत दुसरें यंत्र बिघडवावें.