चार महिने आणि लाकडाचा हिशेब

प्रश्न : दुबईत नोकरी चालून आली आहे, पण नगरला आई एकटी आहे. दोन महिने प्रार्थना करतेय, देवाकडून काहीच उत्तर नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : विश्वासाचं मोजमाप आधी बाजूला ठेवा. याकोबाच्या पत्रात (१:५) मागणाऱ्याला देव ज्ञान देतो, असं आश्वासन आहे. ‘जा’ किंवा ‘राहा’ अशी चिठ्ठी पाठवतो, असं नाही. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल त्या वचनावर निर्णय घ्यायचा, असंही काही जण करतात. मला ती सोडतच वाटते.

जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय सावकाश वाचा. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. तो ज्याच्या चाकरीत होता त्या राजापुढे विषय निघाला नीसानात, जवळपास चार महिन्यांनी. मधे रडणं, उपास, प्रार्थना. पण राजानं विचारताच त्यानं मुदत सांगितली, अधिकाऱ्यांच्या नावे पत्रं मागितली, वेशींच्या तुळयांसाठी राजाच्या वनातलं लाकूडसुद्धा! हा हिशेब गुडघ्यांवर असतानाच जुळत गेला असणार.

तेव्हा प्रार्थनेनंतर वही घ्या. पगार, रजा, आईचं औषधपाणी, शेजारपाजार, सगळं लिहा. पाळकांशी बोला. आणि आईला काय वाटतं? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. आधी तिला विचारा.