तुरुंगाचा शिपाई

गावात कोणाला शिक्षा झाली, की चार दिवस पारावर तेच बोलणे चालते. वकिलाने काय केले, साक्षीदार कसा फिरला, न्यायाधीश काय म्हणाले, सगळे निघते. मग तो माणूस तुरुंगात जातो आणि बोलणे थांबते. पण भिंतीच्या आत त्याला कोण सांभाळतो? सकाळी कुलूप कोण काढतो? रात्री कोण लावतो? त्याचे नाव कोणी काढीत नाही. तो तुरुंगाचा शिपाई. आज त्याची माहिती घेऊ.

पहाटे गावच्या सडकेवर पोरे धावताना तुम्ही पाहिली असतील. ती भरतीची तयारी. समजा, त्यातला एक पोरगा पास झाला आणि घरी आला.

"आबा, माझं नाव लागलं. कारागृह शिपाई."

"म्हंजे पोलीसच की रं!"

"पोलीस न्हाई आबा. जेलचा शिपाई."

आबांचा चेहरा जरासा उतरतो. पाहुण्यांना काय सांगायचे? पोरगा जेलात आहे म्हणून?

आबांचे चुकते असे नाही. खाकी कपडे दोघांचे सारखे. दोघेही गृहखात्याचे नोकर. भरतीही बरीचशी सारखीच. बारावी पास लागते. पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो, मग १०० गुणांचा लेखी पेपर असतो. पण पुढे वाट फुटते. पोलीस गुन्ह्याचा तपास करतो, माणूस पकडतो, कोर्टापुढे उभा करतो. तुरुंगाचा शिपाई यातले काही करीत नाही. कोर्टाने ज्याला आत पाठवले त्याला नीट सांभाळायचे, पळू द्यायचे नाही, मरू द्यायचे नाही, आणि कोर्ट म्हणेल त्या दिवशी सोडायचे, एवढे त्याचे काम. ऐकायला सोपे वाटते.

आता आत कोण असतात ते पाहा. कैदी दोन तऱ्हेचे. ज्याला शिक्षा झाली तो पक्का कैदी. ज्याचा खटला अजून चालू आहे तो कच्चा कैदी. आपल्याला वाटते, तुरुंगात सगळे पक्केच. तसे नाही. २०२२ सालच्या अखेरीस सबंध देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतले चारातले तीन कच्चे होते. म्हणजे शिपाई ज्यांच्यावर पहारा करतो त्यांतल्या बहुतेकांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नसतो. कोणी उद्या निर्दोषही सुटेल. शिक्षा देणे हे कोर्टाचे काम आहे, शिपायाचे नव्हे. आपल्या मनाने त्या शिक्षेत भर घालायचा त्याला हक्क नाही.

शिपायाचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. बराकीचे कुलूप निघते आणि पहिली गोष्ट होते ती गिनती. गिनती म्हणजे माणसे मोजणे. रात्री जितकी आत घातली तितकीच सकाळी निघाली पाहिजेत. एक जरी कमी आला तर सगळे काम थांबते. कोणी दवाखान्यात आहे का, कोणी तारखेला कोर्टात गेला आहे का, वहीत बघायचे, पुन्हा मोजायचे. हिशेब जुळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संध्याकाळी बराक बंद करताना पुन्हा गिनती. म्हणून वाचता लिहिता न येणारा माणूस या कामाला चालत नाही. किल्ली जितकी महत्त्वाची तितकीच वही.

मोठ्या तुरुंगाच्या तोंडाशी दोन दरवाजे असतात, एकामागे एक. दोन्ही एकदम कधी उघडत नाहीत. बाहेरचा उघडला की आतला बंद. माणूस मध्ये येतो, बाहेरचा बंद होतो, झडती होते, वहीत नाव चढते, मगच आतला उघडतो. भाजीची गाडी असो, डॉक्टर असो, की मोठा साहेब असो, नियम तोच. दरवाजावरच्या शिपायाला दिवसभर हेच करावे लागते. कंटाळा आला म्हणून चालत नाही. ज्या दिवशी कंटाळा येतो त्याच दिवशी काहीतरी आत जाते किंवा कोणीतरी बाहेर जाते.

रात्रीचा पहारा याहून अवघड. आत माणसे झोपलेली, बाहेर हा जागा. कोण कण्हतो, कोणाला फिट आली, कोण खिडकीच्या गजाशी उगाच उभा आहे, यावर नजर ठेवायची. नवा आलेला कैदी पहिल्या रात्री जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भीती असते. जाणता शिपाई त्याच्याशी दोन शब्द बोलतो. "घरी कोण कोण असतं रं तुझ्या?" एवढे विचारले तरी रात्र निघून जाते. हे वहीत कुठे लिहिले जात नाही.

बायकांच्या तुरुंगात बायकांचाच पहारा असतो. तिथल्या महिला शिपायाला आणखी एक काम पडते. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर आत राहू शकते. त्या मुलाने काही गुन्हा केलेला नसतो. ते रडते, तापते, खेळायला मागते. शिपाईबाईचे स्वतःचे मूल घरी शेजारणीजवळ असते.

आता पगाराचे बोलू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नव्या शिपायाचा मूळ पगार महिना २१,७०० रुपये. त्यावर महागाई भत्ता. तो वेळोवेळी बदलतो. २०२४ च्या जानेवारीपासून तो शंभराला पन्नास होता. तोच धरून हिशेब करू.

मूळ पगार २१,७०० आणि भत्ता १०,८५०. बेरीज ३२,५५०. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे जे नोकरीला लागले त्यांच्या पगारातून निवृत्तीसाठी शंभराला दहा कापतात. ते झाले ३,२५५. व्यवसाय कर २००. हातात राहिले २९,०९५. सरकारी खोली मिळाली तर घरभाडे भत्ता मिळत नाही. खोली नसेल तर भत्ता मिळतो, पण मुंबई पुण्याचे भाडे त्या भत्त्यात बसत नाही. पोर, शाळा, म्हातारे आईबाप, गावाकडचे देणे हे सगळे उरलेल्यात.

कोरडवाहू शेतकऱ्याला हा पगार मोठा वाटेल, आणि त्याच्यापुढे तो मोठाच आहे. दरमहा येतो, पावसावर अवलंबून नाही. पण बढती सावकाश मिळते. शिपायाचा हवालदार व्हायचा, हवालदाराचा सुभेदार. कित्येकांचे निम्मे आयुष्य पहिल्या पायरीवरच जाते. बढती नाही मिळाली तर दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरच्या पगाराचा लाभ मिळतो, एवढाच आधार. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी.

याच पगाराची परीक्षा दरवाजावर होते. मुलाखतीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. मुलाखत म्हणजे कैद्याला भेटणे. लांबच्या गावाहून एक म्हातारी येते. हातात गाठोडे, डोळ्यांत पाणी.

"लेकरा, माझा पोरगा भेटंल का रं?"

"भेटंल आजी. आधार कार्ड आणलंय न्हवं? हितं नाव लिवा. गाठोडं आत न्हेता येणार न्हाई."

"हे घे बाबा, शंभराची नोट. पण त्याला भेटू दे."

म्हातारीला वाटते, सरकारी दारात काही दिल्याशिवाय काम होत नाही. मुलाखतीला पैसा लागत नाही. ओळखपत्र लागते, नाव नोंदवावे लागते, वेळ पाळावी लागते. शिपाई म्हणतो, "ठेवा आजी, एस्टीला लागतील." तो नोट घेतो की परत करतो, हे पाहायला तिथे वरिष्ठ नेहमी उभा नसतो.

म्हातारीची नोट परत करणे तसे सोपे. खरा मोह वेगळाच असतो. पैसेवाल्या कैद्याचा माणूस बाहेर चहाच्या टपरीवर गाठतो. एक मोबाइल आत पोचव, एवढेच म्हणतो. त्याचे जे देऊ करतो ते महिन्याच्या पगाराएवढे. एकदा घेतले की शिपाई त्या कैद्याचा बांधला गेला. मग किल्ली शिपायाच्या कमरेला असते, पण हुकूम आतल्याचा चालतो. इंग्रजांना हा धोका ठाऊक होता. १८९४ सालच्या तुरुंगाच्या कायद्यात त्यांनी लिहून ठेवले, की तुरुंगाच्या नोकराने कैद्याशी पैशाचा किंवा धंद्याचा कसलाही व्यवहार करू नये. पगार पुरेसा द्यावा, हे मात्र इतक्या ठसठशीत अक्षरांत कोणी लिहिले नाही.

माणसेही पुरेशी नाहीत. केंद्र सरकारने २०१६ साली नमुन्याचे नियम काढले. त्यांत सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असे प्रमाण आहे. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर एका वेळी अठरा कैद्यांमागे एक पडतो. प्रत्यक्षात २०२२ साली देशभरच्या तुरुंगांत मंजूर जागांपैकी दहातल्या सुमारे तीन रिकाम्या होत्या. आणि कैदी किती? शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात तर कित्येक वर्षे आठशेच्या जागेत तीन तीन हजार माणसे राहिली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायला जागा नाही, तिथे भांडणे होणारच. भांडण सोडवायला जातो तो शिपाई. मार दोन्हीकडून बसतो.

पाळी आठ तासांची म्हणतात. बदलीचा माणूस आला नाही की ती लांबते. सणाची सुट्टी तर विसरा. दिवाळीला कैद्याच्या घरी तो नसतो आणि शिपायाच्या घरी शिपाई नसतो. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा मुंबई, ठाणे, पुणे इथल्या तुरुंगांचे दरवाजे सरकारने सगळ्यांनाच बंद केले. शिपायांच्या तुकड्या दिवसचे दिवस आतच राहिल्या, आतच जेवल्या, आतच झोपल्या. आर्थर रोडला कैद्यांबरोबर शिपायांनाही लागण झाली. त्या दिवसांत डॉक्टर आणि पोलीस यांच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुरुंगाच्या शिपायाची आठवण फार थोड्यांना झाली.

ही उपेक्षा जुनी आहे. १९८० साली सरकारने तुरुंग सुधारण्यासाठी एक समिती नेमली. तिचे प्रमुख न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला. हे न्यायाधीश उर्दूतले चांगले कवीही होते. समितीने तीन वर्षे काम केले. तुरुंगाच्या नोकरांना पोलिसांच्या बरोबरीने पगार व भत्ते असावेत, असे तिने सांगितले. पगार काही राज्यांत बरोबरीला आला, काही राज्यांत नाही. मान मात्र कुठेच बरोबरीला आला नाही.

मान नसण्याला एक कारण शिपाई मंडळींनीही दिले आहे, तेही सांगितले पाहिजे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. शेजारच्या एका कैद्याला तिथल्या वॉर्डरने फार क्रूरपणे जखमी केले. कशासाठी? त्याच्या भेटीला येणाऱ्या नातलगांकडून पैसे काढण्यासाठी. बत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिले. वकील नाही, मुद्रांक नाही, साधे पत्र. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून धरले. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. तुरुंगाच्या दारातून आत गेला म्हणून माणसाचे सगळे हक्क बाहेर राहात नाहीत, असे ठरले. कैद्यांना तक्रार टाकता यावी म्हणून तुरुंगात पेट्या ठेवा, असाही हुकूम झाला. एका कैद्याला लिहिता येत होते, त्यातून हे घडले.

दुसरा निकाल अगदी अलीकडचा, ३ ऑक्टोबर २०२४ चा. कित्येक तुरुंगांत जात पाहून काम वाटीत. झाडू आणि संडास एका जातीला, चूल दुसऱ्या जातीला. नियमांच्या पुस्तकांतच तसे छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि तुरुंगाच्या वहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. आता हे पाळायचे कोणी? सकाळी ओळीत उभ्या कैद्यांना काम वाटून देणाऱ्यानेच. हुकूम दिल्लीत निघतो, पण झाडू कोणाच्या हातात द्यायचा ते बराकीच्या दारात ठरते.

सगळीकडे उंच भिंतीच असतात असेही नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानात ती सुरू झाली. पक्के कैदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा बोलपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. एक तुरुंगाधिकारी सहा खुन्यांना माळरानावर नेतो आणि शेती करायला लावतो, अशी त्याची गोष्ट. ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. अशा खुल्या तुरुंगाला उंच भिंत नसते. तिथे शिपायाला माणूस ओळखावा लागतो. कोणाचे पोर आजारी आहे, कोणाचे घरी भांडण झाले, कोण दोन दिवस गप्प आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. दिवसभर कैदी रानात असतात. संध्याकाळी ते परततात. शिपाई वही उघडतो आणि माणसे मोजतो.