डोडो रंगवणारा उस्ताद

प्रश्न : मॉरिशसच्या डोडो पक्ष्याचं एक विश्वासार्ह चित्र मोगल दरबारातल्या चित्रकाराने काढलं, असं वाचनात आलं. हा चित्रकार कोण? मॉरिशसला न जाता त्याने डोडो कसा रंगवला? आणि आमच्या बऱ्हाणपूरशी त्याचा काही संबंध लागतो का?
— एक वाचक, इतवारा, बऱ्हाणपूर

उत्तर : त्याचं नाव उस्ताद मन्सूर. अकबराच्या चित्रशाळेत बाबरनाम्यासारख्या पोथ्यांची चित्रं करताना तो तयार झाला आणि नावारूपाला आला तो जहांगीरच्या काळात (1605 ते 1627). जहांगीरने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ म्हणजे युगातला अद्वितीय असा किताब दिला. 1618 मधल्या आपल्या नोंदीत बादशहा त्याची तोंड भरून स्तुती करतो.

जहांगीरला दारू आणि शिकार जितकी प्रिय, तितकंच प्राण्यांचं निरीक्षणही. सारसांची जोडी पाळून तिने अंडी कशी उबवली, नर-मादी आळीपाळीने कशी बसली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. आपल्या पणजोबांनी, म्हणजे बाबराने, प्राण्यांची वर्णनं केली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रं काही काढून घेतली नाहीत, अशी चुटपुट त्याला होती. ही उणीव मन्सूरने भरून काढली.

1612 मध्ये जहांगीरचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून काही अपूर्व जनावरं आणली, त्यांत टर्की कोंबडा होता. हा अमेरिकेचा पक्षी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला पोचलेला. त्याच्या डोक्या-मानेची कातडी घटकेत लाल, घटकेत पांढरी, तर घटकेत निळसर होते, हे बादशहाने बारकाईने टिपलं आणि चित्र काढण्याचा हुकूम सोडला. मन्सूरचा टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. 1621 मध्ये झेब्रा आला, तेव्हा पट्टे कुणी रंगवून तर दिले नाहीत ना, अशी लोकांना शंका आली. नीट तपासून पट्टे जन्मजात असल्याची खात्री करून घेतली आणि मग मन्सूरने तोही रंगवला. माझ्या मते मन्सूरचं खरं मोठेपण इथे आहे. बादशहाची नोंद आणि चित्रकाराचा कुंचला मिळून त्या प्राण्याचा दाखला तयार करत. शोभेसाठी चित्रं काढणारे दरबारात पुष्कळ होते.

काम किती चिकाटीचं, ते पाहा. कागदाचे थर खळीने चिकटवून जाड ‘वसली’ करायची. तिच्यावर बारीक रेषेने आकार काढायचा, वरून पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा आणि खालून दिसणाऱ्या रेषेवर पुन्हा पक्की रेषा ओढायची. लाजवर्द, हिंगूळ, काव असे रंग डिंकात कालवून थरांवर थर द्यायचे. चित्र पालथं ठेवून मागून अकीकाने घोटलं की रंग कागदात बसतात, त्यांना झळाळी येते. पिसांसाठी खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला लागे. मन्सूरची पिसं जवळून पाहिली तर रंगाचा सपाट पट्टा सापडत नाही, नुसत्या रेघा आणि ठिपके दिसतात.

आता डोडो. हे चित्र साधारण 1625 च्या सुमाराचं, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहात आहे आणि 1958 मध्ये अभ्यासकांपुढे आलं. त्यावर सही नाही, शैलीवरून ते मन्सूरचं मानतात. मधोमध डोडो, भोवती पट्टकादंब, ट्रॅगोपॅन, चिमुकला पोपट आणि पखुर्ड्यांची जोडी. पखुर्ड्या तुमच्या खानदेशच्या माळावरही दिसतील. बाकीचे पक्षी ओळखता येण्याइतके अचूक आहेत, म्हणून मधला डोडोही समोर ठेवून काढलेला असणार, असा अभ्यासकांचा कयास आहे. युरोपातल्या सेव्हरीसारख्या चित्रकारांचा डोडो फुगलेला आणि बेढब दिसतो, मन्सूरचा त्या मानाने सडसडीत आहे.

तो इथवर आला कसा? जहाजातून. पीटर मंडी या इंग्रजाने सुरतेच्या वखारीत दोन जिवंत डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. मॉरिशसमध्ये मात्र 1662 नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही.

आणि इथेच तुमचं गाव येतं. सुरतेहून आग्र्याला जाणाऱ्या दोन मोठ्या वाटांपैकी एक अहमदाबादवरून, तर दुसरी बऱ्हाणपुरावरून जाई. मंडी स्वतः 1630 मध्ये, भर दुष्काळात, याच वाटेने गेला. एखादा डोडोही पिंजऱ्यातून तुमच्या वेशीवरून गेला असेल, हा माझा तर्क, पुरावा नव्हे. मन्सूरला बऱ्हाणपूरचा मात्र म्हणता येणार नाही. तो बादशहाच्या पदरचा. बऱ्हाणपुरातला मोठा रसिक आश्रयदाता म्हणजे दख्खनचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, दोह्यांचा कवी रहीम. तुमची कुंडी भंडाऱ्याची भूमिगत पाणीयोजना त्याच्याच काळातली. त्यानेही स्वतःचे चित्रकार पदरी ठेवले होते. त्याच्यासाठी तयार झालेली सचित्र रामायणाची फारसी पोथी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

मन्सूरचे पक्षी पाहायला रशियाला जायला नको. त्याचा सायबेरियन क्रौंच आणि बंगालचा तणमोर कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. पाश्चात्य शास्त्रज्ञांनी या दोन्ही पक्ष्यांना शास्त्रीय नावं दिली ती अठराव्या शतकात, मन्सूरनंतर दीडशे वर्षांनी. अशी जुनी चित्रं कायम मांडलेली नसतात, तेव्हा जाण्याआधी संग्रहालयाकडे चौकशी जरूर करा.