कापडावरील छपाई : चौकटीची आणि संगणकाची

अन्नाच्या खालोखाल मनुष्याची मोठी गरज म्हणजे वस्त्र. आणि वस्त्र मिळालें म्हणजे त्यावर वेलबुट्टी काढण्याची हौस त्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. ही वेलबुट्टी हल्लीं मुख्यत्वेंकरून दोन रीतींनीं छापली जाते : एक चौकटीची, म्हणजे स्क्रीन छपाई, व दुसरी संगणकाची, म्हणजे डिजिटल छपाई. यांत चांगली कोणती, हें ठरविण्यापूर्वीं दोहोंचें स्वरूप पाहूं.

जपानांत कागदाचे कातरलेले साचे कापडावर ठेवून नक्षी वठविण्याची कला फार जुनी आहे. साच्याचे सुटे भाग जागच्या जागीं राहावे म्हणून त्यांस बारीक रेशमी धागे जोडीत. पुढें धाग्यांच्या जागीं सबंध जाळीच आली. १९०७ सालीं मँचेस्टर येथील सॅम्युएल सायमन यानें रेशमी जाळीच्या छपाईचें पेटंट घेतलें. आतां बहुधा पॉलिएस्टरची जाळी वापरतात. ती चौकटीवर ताणून तिला उजेडानें घट्ट होणारें रसायन फांसतात. नक्षीचा काळा नमुना वर ठेवून प्रखर प्रकाश पाडला, कीं उघडा भाग घट्ट होतो. नमुन्याखालचा भाग पाण्यानें धुऊन जातो व तेथील छिद्रें मोकळीं होतात. मग चौकट कापडावर टेकवून, खळीनें दाट केलेला रंग रबरी पट्टीनें ओढला, म्हणजे तो त्या छिद्रांतूनच खालीं उतरतो. मात्र प्रत्येक रंगास स्वतंत्र चौकट लागते. पांच रंगांचें फूल छापावयाचें तर पांच चौकटी. आणि त्या केसभरही न चुकतां जुळल्या पाहिजेत.

डिजिटल छपाईंत चौकट नाहींच. चित्र संगणकांत आंकड्यांच्या रूपानें सांठविलेलें असतें, व त्या आंकड्यांच्या हुकमाप्रमाणें यंत्रांतून शाईचे अतिसूक्ष्म थेंब कापडावर उडतात. निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या मुख्य चार शायांच्या थेंबांनीं अनेक छटा भासतात. म्हणून छायाचित्रही हुबेहूब उतरतें. परंतु सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग पक्का बसण्यास सोड्यासारखा क्षार लागतो. चौकटीच्या छपाईंत तो दाट रंगांतच मिसळतां येतो. पातळ शाईंत मिसळल्यास शाई टिकत नाहीं. म्हणून येथें कापडासच आधीं क्षार, युरिया व खळ यांच्या द्रावणांतून काढून वाळवितात. पुढें वाफ देणें व धुणें हे संस्कार या रंगांस दोन्ही रीतींत चुकत नाहींत.

कोणत्या रीतीचा रंग अधिक टिकतो, असें पालक विचारतील. तें रीतीपेक्षां रंग व धागा यांच्या मेळावर अवलंबून आहे. सुतास रिॲक्टिव्ह, रेशमास ॲसिड व पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग मानवतात. हा मेळ चुकला तर महागडें यंत्रही उपयोगी पडत नाहीं.

आतां खर्चाचा हिशेब बीजगणितानें करूं. उदाहरणादाखल समजा, चार रंगी चित्राच्या चौकटींस प्रत्येकीं ६०० रुपये पडतात, म्हणजे एकूण २,४०० रुपये; पुढें दर सदऱ्यास २० रुपये. डिजिटल रीतींत चौकटींचा खर्च नाहीं, पण दर सदऱ्यास १०० रुपये पडतात. सदऱ्यांची संख्या क्ष मानल्यास २,४०० + २० क्ष = १०० क्ष; म्हणून क्ष = ३०. म्हणजे तीस सदऱ्यांस दोन्ही सारख्या, त्याहून कमी असतां डिजिटल स्वस्त, व अधिक असतां चौकट स्वस्त. शाळेच्या संमेलनास ३०० सदरे हवे असल्यास चौकटीनें ८,४०० रुपये लागतील, डिजिटलनें ३०,००० रुपये. उलट नाटकांतील एकट्या राजासाठीं एकच सदरा हवा असतां चौकट करणें म्हणजे एका पोळीसाठीं भट्टी लावणें होय.

परंतु सारा हिशेब रुपयांतच संपत नाहीं. चौकटी व उरलेला रंग धुतलेलें पाणी कोठें जातें? गुजराथेंतील जेतपूर हें साड्यांच्या छपाईसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील रंगाच्या पाण्यानें भादर नदी दूषित झाली. डिजिटल छपाईंत रंग कमी वायां जातो हें खरें. तथापि न बसलेला रंग, क्षार व युरिया धुण्याच्या पाण्यांत उतरतातच. तेव्हां पाणी शुद्ध करून सोडणें हें कर्तव्य दोन्ही रीतींस सारखेंच आहे.

आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं चौकटीच्या छपाईवरच चूल पेटत असेल, आणि नव्या यंत्रानें आपला धंदा बुडेल अशी धास्ती तेथें असेल. ती निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. लहान मागण्या यंत्राकडे वळत आहेत. पण कापडाची पारख, रंगाची जाण व छटा जुळविणारी नजर यांवांचून यंत्र आंधळें आहे. ज्या मुलानें वडिलांच्या टेबलाशीं उभें राहून हें ज्ञान मिळविलें, त्यानें थोडें रसायन व थोडा संगणक शिकून घेतल्यास नव्या कारखान्यांतही त्याची किंमत राहील. म्हणून, विद्यार्थीमित्रहो, अवजार बदललें तरी हातचें ज्ञान टाकूं नका. त्यांत नव्याची भर घाला.