ज्ञानगंगेतील वाघ आणि सागरातील वाघ

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाही. लोणार सरोवराचे पाणी खारे आहे खरे. परंतु ते इतके अल्कधर्मी आहे की, त्यात मासे जगू शकत नाहीत. म्हणून येथील विद्यार्थ्यांना सागरातील एका बलाढ्य शिकारी माशाची ओळख करून द्यावयाची, तर जिल्ह्यात चालत आलेल्या एका वाघाचाच आधार घेणे सोयीचे.

या वाघाचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसविण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने जन्मस्थान सोडले आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडीत नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटरची वाटचाल केली. मार्च २०२० मध्ये तो २०५ चौरस किलोमीटरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. ‘वॉकर’ हे त्याचे नाव सार्थच म्हटले पाहिजे.

उष्ण समुद्रांत, आपल्या अरबी समुद्रातही, ‘टायगर शार्क’ नावाचा मासा आढळतो. कोकणात शार्क जातीच्या माशांना मुशी किंवा मोरी म्हणतात. याच्या पिलांच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात. वय वाढते तसे ते फिकट होतात. वाघाचे पट्टे मात्र जन्मभर टिकतात. वाघाचे दुधाचे दात एकदाच पडतात व पुढे ३० दातांवर आयुष्य काढावे लागते. शार्कचे दात पडत राहतात आणि मागच्या ओळीतले पुढे सरकतात. करवतीसारख्या या दातांनी तो कासवाचे कवचही कापतो. दोघांच्याही डोळ्यांत प्रकाश परतविणारा पडदा असल्याने अंधुक उजेडात त्यांना चांगले दिसते. शार्कचा सांगाडा तर हाडांचा नसून कूर्चेचा!

खरा भेद बालपणात आहे. शार्कची मादी एका वेळी अनेक पिलांना जन्म देते आणि ती पिले पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतात. वाघीण दोन-चार बछड्यांना सुमारे दोन वर्षे सांभाळते. त्यानंतर तरुण नराला स्वतःचा प्रदेश शोधावा लागतो. शार्क असा प्रदेश राखून बसत नाही. वॉकरची पायपीट या शोधापायीच घडली.

ज्ञानगंगेत त्याला नीलगायी व रानडुकरे मिळाली. वाघीण मात्र नव्हती. तेथे एखादी मादी आणून सोडावी काय, याचा विचार वनविभागाने २०२० साली केला. पण चहूबाजूंनी गावे व शेती असलेले एवढेसे जंगल वाघांच्या कुटुंबास पुरेल काय, हा प्रश्न होताच.