डब्यावरचा चौकोन वाचायला शिका



कामरेजच्या आसपास ऊस, भात, भाजीपाला आहे. सुट्टीत गावी गेलो की खानदेशात कपाशी दिसते. फवारणी दोन्हीकडे होते. आपण तिला ‘औषध मारणे’ म्हणतो. परंतु ते विष आहे, हे नावामुळे विसरले जाते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी माणसाएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येई. दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली, तोंडाला मास्क नाही, हातमोजे नाहीत.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी विषे श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जातात. नसांचे संदेश वेळेवर थांबवणारे विकर ती बंद पाडतात. मग घाम, लाळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, आणि शेवटी श्वास अडतो.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनी प्रत्येक डब्यावर तिरपा चौकोन सक्तीचा केला. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा:

लाल – अत्यंत विषारी
पिवळा – अतिविषारी
निळा – मध्यम विषारी
हिरवा – कमी विषारी

हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

घरात ज्याला वाचता येते, त्याने वाचून दाखवावे. डबा मोठ्यांनी धरावा, मुलांनी हात लावू नये. अंगभर कपडे, मास्क व हातमोजे घालावेत. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून फवारावे. काम झाल्यावर साबणाने आंघोळ करावी. त्रास झाल्यास कपडे काढून अंग धुवावे, उलटी करवू नये, १०८ ला फोन करावा व डब्यावरील माहिती डॉक्टरांना दाखवावी. उपचार त्यावरच ठरतो.

रिकामा डबा घरात वापरू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. शाळा चालवणाऱ्या आम्हा सर्वांना, विश्वस्त मंडळालाही, ही गोष्ट विसरता येणार नाही.

मुलांनो, या आठवड्यात चौकोनाचे चित्र वहीत काढा, रंग भरा आणि घरी समजावून सांगा. आम्ही प्रार्थनेनंतर विचारणार आहोत.