मांजर गेलं, दमा राहिला

माझा दमा चाळीस वर्षांचा. तो कशाने उठतो ते मला पाठ आहे. पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशी, माळ्यावरची धूळ, शेजारच्यांची डासांची कॉइल. यंदा मात्र भर मार्चमध्ये रात्री तीनला छातीत शिट्या वाजू लागल्या आणि घरच्यांनी मलाच धरलं. "दही खाल्लं असशील!" दही बंद झालं, उदबत्ती बंद झाली, गाद्या उन्हात पडल्या. शेवटी मनीची रवानगी बहिणीकडे झाली. तरी निळा पंप दिवसातून चारदा लागतच होता.

एका रविवारी काचबिंदूच्या थेंबांची नवी बाटली उघडली आणि रिकामपणी खोक्यातला घडीचा कागद भिंग लावून वाचला. टिमोलॉल. दमेकऱ्यांनी वापरू नये, असं चक्क छापलेलं! कॅलेंडर काढलं. थेंब सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या रात्री पहिली शिटी.

डोळ्यांचे डॉक्टर हसले. "डोळ्यात घातलेलं औषध छातीत कसं जाईल, आजी?" पहिल्या दिवशी त्यांच्याच फॉर्मवर 'दमा' असं मी स्वतः लिहून दिलं होतं. तो त्यांनी तेव्हाही पाहिला नव्हता.

कसं जातं ते छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात. हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध, दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतं. त्यांनी तिकडे फोन केला, थेंब बदलले. आठवड्याभरात रात्रीची झोप परत आली.

म्हणून सांगते. दम लागला की काय खाल्लं, कुठे झाडलं यासोबत नवं औषध कधी सुरू झालं तेही वहीत तारखेनिशी लिहा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही काहींचा दमा उठतो. पीक फ्लो मीटर घ्या, सकाळ-संध्याकाळ फुंका. आकडा घसरला की घरच्यांना 'मनाचे खेळ' म्हणता येत नाही. धूळ टाळा, पंप जवळ ठेवा, हे तर सगळेच सांगतात. थेंब मात्र परस्पर बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि बदलून मागा.

आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी, दातांच्यासुद्धा, 'मला दमा आहे' हे तोंडाने सांगा. फॉर्मवर लिहिलेलं कोणी वाचत नाही.